सहाव्या गाण्याचं बक्षीस

शेम्साने आपला नवा अल्बम स्वतः येऊन माझ्या हातात ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की यात माझ्यासाठी काहीतरी शिजलेलं आहे. वीसेक वर्षं ती माझ्या सावलीलाही उभी राहिली नव्हती.

सकाळची वेळ होती. बाजाराच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली बसून मी साच्यात तांदळाचं पीठ ओतत होते. माझे वितुम्बुआ, म्हणजे तांदळाचे आप्पे, आमच्या सगळ्या टांगा गावात प्रसिद्ध आहेत, कडेने कुरकुरीत आणि आत नारळाच्या दुधाने ओले. शेम्सा समोर उभी राहिली. अंगावर नवा बुईबुई, बुरख्यासारखा काळा झगा, हातभर सोनं, आणि उदाचा असा घमघमाट की माझ्या तव्याचा वास मेला.

"बी सिवेमा, दर शुक्रवारी तुम्ही सगळ्या जगाची गाणी तोलता," ती म्हणाली. "एकदा आमचंही तोला की."

"याआधीचे अल्बम का नाही आणलेस?"

"ते तुमच्या कानाच्या लायकीचे नव्हते हो." ती हसली. "हा आहे. सहावं गाणं नीट ऐका हं. घाई करू नका."

वितुम्बुआ न घेताच ती गेली. शेजारी मासे विकणारी चाउसिकू सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "शोगा, अगं मैत्रिणी, ही बाई तुझ्या दारात आली म्हणजे एकतर मरायला टेकली आहे, नाहीतर तुला मारायला आली आहे. आणि तब्येत तर चांगली दिसते!"

शुक्रवारचं सांगायला हवं. आमच्या गावच्या रेडिओवर दुपारी हेमेदी नावाचा मुलगा गाण्यांचा कार्यक्रम करतो. तो रोज माझ्याकडे नाश्त्याला यायचा. समोरच्या मोबाइलच्या दुकानातल्या भोंग्यावर जे काही वाजेल त्यावर मी तळता तळता बडबडायचे, ते ऐकून तो हसायचा. एक दिवस म्हणाला, "आजी, हेच माइकसमोर बोला." तेव्हापासून मी बोलते. अक्षरं मला चाळिशीनंतर आली, कान मात्र पहिल्यापासून होते.

मी कुणाचीच भीड ठेवत नाही. दारेसलामच्या पोरांचा सिंगेलीचा, म्हणजे भरधाव नाचगाण्यांचा, अल्बम आला; ठेका असा, की घर पेटलंय आणि माणूस चपला शोधतोय. पण त्या अल्बमातलं तिसरं गाणं लावून मी पीठ फेटलं तर पीठ हलकं झालं, तेही मी सांगितलं. मोशीच्या चर्चच्या गायकांचा अल्बम आला. मी मुसलमान बाई, तरी त्यातल्या पुरुषांचे खालचे आवाज मला फार आवडले, खिडकीखाली ट्रक चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेल्यासारखे. बायका मात्र एकमेकींच्या आधी स्वर्गात पोचायची घाई करत होत्या. काँगोच्या रुंबाचा एक जुना अल्बम पुन्हा निघाला. गिटार अशी की मध ओतावा, पण मधेच गायक शेठ लोकांची नावं पुकारत सुटतो. मी म्हटलं, ही गाणी आहेत की लग्नातल्या आहेराची यादी? एक कोवळा गायक दहाही गाण्यांत त्याच पोरीसाठी रडला. मी म्हटलं, निम्म्या अल्बमापर्यंत मला त्याची दया आली, पुढे मी त्या पोरीच्या बाजूची झाले. तो मुलगा चिडला नाही, उलट माझ्याकडे येऊन खाऊन गेला.

मागच्या साली एका हॉटेलच्या बँडचा नाचाचा अल्बम आला होता. ट्रम्पेट सगळे शिळे. पण चौथ्या गाण्यात मागून एक पोरगी गात होती. मी रेडिओवर म्हटलं, "हिचा आवाज नव्या मडक्यातल्या पाण्यासारखा आहे. नाव कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा." दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणारी किबिबी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, "तो आवाज माझा" एवढं म्हणाली आणि रडायला लागली. तेव्हापासून ती मला आजी म्हणते. गाते ती शेम्साच्या संघात, असुमिनीत, मागे उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये.

आता शेम्साचं. वीसेक वर्षांपूर्वी ती गायिका नव्हती, माझ्यासारखीच समोर बसून ऐकणारी होती. आमच्याकडे तारब गाण्याला बायका नुसत्या ऐकायला जात नाहीत. एखादी ओळ आपल्या मनातली निघाली की बाई उठते, हातात नोट धरून ठेक्यावर हळूहळू झुलत गायिकेकडे जाते आणि जाता जाता जिला ती ओळ लावायची तिच्याकडे बघते. तोंडाने एक शब्द नाही. बक्षीस गायिकेला, ओळ त्या दुसरीला. आणि जिला लागली तिने काही बोलायचं नसतं. बोललीस तर गाणं तुझं झालं.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मी नवा कांगा नेसून गेले होते, जांभळ्यावर पिवळे काजू. कांगा म्हणजे एकाच छापाच्या दोन पानांची जोडी असते. माझ्या नवऱ्याने, अथुमानीने, एकच पान आणून दिलं होतं. म्हणाला, दुकानदाराकडे दुसरं डागाळलेलं होतं. ते दुसरं पान मला त्या दुपारी दिसलं. शेम्साच्या कमरेला होतं आणि त्यावर डाग नव्हता. गायिका गात होती कोरड्या पाळण्याबद्दल. शेम्सा उठली, नोट वर धरली आणि माझ्याकडे बघत, बघत, बघत पुढे गेली. मला मूल नव्हतं. सगळ्या हॉलने आधी तिची कंबर पाहिली, मग माझी. माझ्या हातात भुईमुगाची शेंग होती. गाणं संपेपर्यंत मी ती फोडली नाही.

अथुमानी त्याच महिन्यात तिच्याकडे राहायला गेला. पुढे तिलाही सोडून मोम्बासाला गेला, तो वेगळा भाग. नवरा गेल्याचं मला एवढं काही वाटलं नाही. त्या बघण्याचं वाटलं. ते मी जपून ठेवलं.

शेम्साने अल्बम दिला त्या दुपारी चाउसिकू आणि मी माझ्या घरी दार लावून तो ऐकायला बसलो. मी मनाशी ठरवलं होतं की वाईट असेल तर वाईट म्हणेन, चांगला असेल तर दातओठ खाऊन चांगला म्हणेन. पहिली पाच गाणी चांगली निघाली. व्हायोलिन तर फारच. मला राग आला.

मग सहावं. संथ सुरुवात, आणि शेम्साचा तो जाड, गुळाच्या पाकासारखा आवाज:

"जगाची गाणी तोलणारी,
तुझ्या घरात गातं कोण?"

त्या 'कोण'वर सूर उंच चढला, तिथे थांबला, पतंगासारखा थरथरला आणि अलगद उतरला.

चाउसिकूने कपाळावर हात मारला. "मेली! नाव तेवढं घ्यायचं राहिलं. आता तू रेडिओवर वाईट म्हणालीस की सगळा गाव म्हणणार, लागलं म्हातारीला. चांगलं म्हणालीस तर तिच्यापुढे वाकलीस. गप्प बसलीस तर घाबरलीस. शोगा, हिने तिन्ही दारांना कड्या घातल्या."

"पुन्हा लाव."

"काय पुन्हा लाव! मार खायची हौस आहे का?"

"ती ओळ पुन्हा लाव, चाउसिकू."

तिने लावली. मी डोळे मिटले. 'गातं'पर्यंत शेम्सा होती. 'कोण' शेम्साचं नव्हतं. पाक संपून मडक्यातलं पाणी सुरू झालं होतं.

मी किबिबीला बोलावून घेतलं. दुकान सुटल्यावर ती आली, बोटाला टाचणी टोचलेली तशीच. मी काही विचारायच्या आधीच तिने डिस्कचं पाकीट पाहिलं आणि खाली बसली.

"आजी, कुणाला सांगू नका."

"वर चढणारी तूच ना?"

"त्यांना आता तो सूर लागत नाही. दोन वर्षं झाली लागत नाही. स्टुडिओत मला एवढा एकच शब्द गायला लावला, परत परत, मग त्यांच्या आवाजाला जोडला. रेडिओवर बोललात तर मला असुमिनीतून काढून टाकतील. दुसरा कुठला संघ घेईल मला? आणि आजी..." ती रडकुंडीला आली. "ते गाणं तुमच्यावर आहे हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी कळलं."

"तुझा काय दोष! गायलीस छान. त्याचाच जास्त राग आला मला."

ती रडता रडता हसली.

"रविवारी हॉलमध्ये तुमचा कार्यक्रम आहे, तिथे कसं करणार ती?" मी विचारलं.

"तिथे ती ओळ एकदाच घेतात. आम्ही सगळ्या मागून गुणगुणतो, की-बोर्डवाला आवाज फुगवतो. निभतं."

"एकदा निभतं."

"हो. एकदाच."

चाउसिकू माझ्याकडे बघत राहिली. मी किबिबीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला की माझ्या तोंडून याबद्दल एक अक्षरही निघणार नाही. आणि एक गोष्ट सांगितली. "रविवारी तुला कुणी गा म्हणून सांगितलं तर गा. नाही सांगितलं तर तोंड उघडू नकोस."

शुक्रवारी रेडिओवर गेले तर शेम्सा आधीच येऊन बसली होती, माझ्यासमोरच्या खुर्चीत, माइक पुढे ओढून. हेमेदी बिचारा घामाघूम झाला होता. गावात कुजबुज पसरली होती; लोकांनी दुकानातले रेडिओ मोठे करून ठेवले होते.

"तर आजी," हेमेदी म्हणाला, "असुमिनीचा नवा अल्बम. काय मत?"

"पहिली पाच गाणी चांगली आहेत," मी म्हटलं. "व्हायोलिन वाजवणाऱ्याला माझा सलाम सांगा. दुसऱ्या गाण्यात ढोलक उगाच घाई करते, तिला गाडी पकडायची आहे वाटतं."

"आणि सहावं?" शेम्साने विचारलं. आवाज लोण्यासारखा. "सहावं नाही ऐकलंत? की ऐकवलं नाही?"

"ऐकलं."

"मग?"

"अगं, असलं गाणं डिस्कवर ऐकून त्यावर मत द्यायचं का? त्यातली ती एक ओळ आहे ना, घरात गातं कोण, ती मला समोर बसून ऐकायची आहे. रविवारी हॉलमध्ये येते. त्या ओळीला बक्षीस माझं."

शेम्सा क्षणभर गोंधळली, मग तिचे गाल फुलले. तिला वाटलं, म्हातारी शरण आली. तिने पण माइकवर सगळ्या गावाला आमंत्रण दिलं. "या ग बायांनो, सगळ्या या! बी सिवेमा स्वतः बक्षीस देणार आहेत!"

बाहेर पडताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "त्या लग्नातच उठून बक्षीस दिलं असतंत तर इतकी वर्षं वाचली असती."

"तेव्हा गुडघे बरे होते," मी म्हटलं. "उगाच घाई झाली असती."

रविवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उद, अत्तर, तळलेले समोसे, बायकांचा घाम, सगळ्यांचा एकच वास झाला होता. चाउसिकूने आणि मी मुद्दाम अगदी मागची, दाराजवळची जागा धरली. मी पेटीच्या तळातून जांभळ्यावर पिवळे काजू असलेलं ते पान काढलं होतं. पिवळा रंग विटला होता, पण ओळखू येत होता. ज्यांना आठवत होतं त्यांनी एकमेकींना कोपरं मारली.

शेम्सा सोनेरी झग्यात होती. मागे पाच-सहा जणी हिरव्या कपड्यांत, कडेला किबिबी. एकेक गाणं झालं. बायका उठत होत्या, नोटा देत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या, हिशेब चुकते करत होत्या. मी बसून होते. मग व्हायोलिनने सहाव्याची सुरुवात केली आणि बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"जगाची गाणी तोलणारी, तुझ्या घरात गातं कोण..."

मागच्या बायका गुणगुणल्या, की-बोर्ड फुगला, सूर कसाबसा तरला. पहिल्यांदा निभलं. शेम्साने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मी उठले.

आमच्याकडे एक रीत आहे आणि ती तारबइतकीच जुनी आहे. एखाद्या ओळीला बक्षीस घेऊन बाई उठली की ती समोर येईपर्यंत गायिकेने ती ओळ सोडायची नाही. सोडली तर बक्षिसाचा अपमान, आणि देणारीचाही. तरण्या बाया झुलत पटकन पोचतात. ओळ दोन-तीनदा होते, झालं. शेम्सा ही रीत कोळून प्यायलेली. पण तिने माझे गुडघे हिशेबात धरले नव्हते.

मी नोट डोक्यावर धरली आणि ठेक्यावर एक पाऊल टाकलं. मग थांबून झुलले. मग दुसरं. माझ्या गुडघ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली. बायकांनी वाट करून दिली, कुणी खुर्ची ओढली, कुणी म्हणालं, "सावकाश, बी सिवेमा, सावकाश!" म्हातारीला घाई कर असं कोण म्हणणार?

शेम्साने ओळ पुन्हा घेतली. 'कोण' जरा खाली लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुन्हा घेतली. या वेळी सूर चिरकला. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी मान वर केली.

मी मधल्या खांबाशी पोचले होते. तिथे खांबाला हात लावून जरा दम खाल्ला. माझ्या मागे चाउसिकू उठली, तिच्याही हातात नोट. तिच्यामागे नारळवाली, तिच्यामागे दाई. ती सगळी कांग्याची आठवण असलेली मंडळी होती. आमची रांग झाली आणि रांग आणखी हळू चालते.

"तुझ्या घरात गातं..." शेम्साने श्वास घेतला, आणि 'कोण' निघालंच नाही. नुसती हवा निघाली, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. की-बोर्डवाल्याने घाबरून आवाज इतका वाढवला की भोंगा किंचाळला. शेम्साच्या गालांवरून काजळ मिसळलेला घाम उतरत होता. ती ओळ सोडू शकत नव्हती. मी येत होते. मी नोट धरून, मान झुकवून, अगदी अदबीने येत होते.

तिने आणखी एकदा प्रयत्न केला. आवाज मधेच मोडला आणि खोकला आला. तेव्हा तिने मान वळवली आणि किबिबीकडे बघितलं. मी ते बघणं ओळखते. हुकूम होता.

किबिबीने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत तिने तोंड उघडलं:

"...कोण?"

सूर सरळ छताला गेला, थांबला, थरथरला, आणि डिस्कवर उतरतो तसाच अलगद उतरला. हॉलमधल्या प्रत्येकीने आठवडाभर ते गाणं ऐकलं होतं. प्रत्येकीला एकाच वेळी कळलं. अशी किलकारी उठली की पत्रे वाजले. बायका खुर्च्यांवर चढल्या, किबिबीकडे धावल्या, तिच्या कपाळाला, केसांना, हिरव्या बाहीला नोटा चिकटवू लागल्या. ती पुन्हा गायली. तिला थांबवणार कोण होतं?

मी शेम्सासमोर पोचले तेव्हा तिच्याभोवती कुणी नव्हतं. सवयीने तिचा तळवा पुढे झाला होता. मी नोट तिच्या तळव्यात ठेवली, तिची बोटं मिटली, आजाऱ्याची मिटतात तशी, आणि मग त्या दुपारी तिने बघितलं होतं तसं, बघत, बघत, बघत राहिले.

"घशाला आल्याचा चहा घे," मी म्हटलं. "गरम."

तिचे ओठ हलले. पण जिला ओळ लागते तिने बोलायचं नसतं. ती गायिका असली तरी रीत तीच.

पुढच्या शुक्रवारी माझ्यासमोरची खुर्ची रिकामी होती. किबिबीला म्हणे दुसऱ्या दोन संघांकडून बोलावणं आलं होतं आणि असुमिनीवाल्यांनी तिला पुढे उभं करायचं कबूल केलं होतं, शेम्सा घरीच बसून होती. हेमेदीने खाकरून माइक ओढला.

"आजी, असुमिनीचं सहावं गाणं. आता सांगा."

"चाल उत्तम. शब्द धारदार, लिहिणाऱ्याला दाद द्यायला हवी. आणि ती शेवटची उंच जागा, या वर्षी ऐकलेल्या सगळ्या अल्बमांत, रुंबा घ्या, चर्चचे घ्या, त्या सिंगेलीच्या पोरांचे घ्या, इतकी सुंदर जागा मी ऐकली नाही."

हेमेदी हसू दाबत होता. "पण आजी, ती जागा गातं कोण?"

"ते मी सांगणार नाही. मी एका मुलीला शब्द दिलाय. हॉलमध्ये होत्या त्यांना विचार."

बाहेर रस्त्यावर, दुकानादुकानांतून, लोकांचा हशा ऐकू आला. हेमेदीने ते गाणं लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. माझं मत खरं होतं, त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. शेम्सा कुठेतरी आल्याचा चहा घेऊन रेडिओजवळ बसली असेल, आणि खोटं शोधत असेल, आणि तिला ते सापडत नसेल. त्या विचाराने मला त्या दिवशी वितुम्बुआंपेक्षा जास्त पोटभर वाटलं.